मदत हवी आहे: गिगाबिट स्विचवर १०० एमबीपीएसची उपकरणं, एका पीसीचा वेग रडतोय

नमस्कार मंडळी,

छोट्या ऑफिसचं नेटवर्क माझ्या गळ्यात पडलंय. आठ पोर्टचा साधा गिगाबिट स्विच आहे, आत शिरून सेटिंग बदलायची सोय नसलेला. त्यावर दोन गिगाबिट पीसी, फाइल ठेवायला एक नॅस, १०० एमबीपीएसचा प्रिंटर आणि स्कॅनरसाठी ठेवलेला एक म्हातारा पीसी. त्याचं कार्डही १००चंच.

एका सहकाऱ्याचं ठाम मत आहे की प्रिंटर संथ असल्यामुळे स्विच सगळ्यांनाच १००वर आणतो. पण नव्या पीसीवरून नॅसवर सेकंदाला ११० एमबी (मेगाबाइट, म्हणजे सुमारे ८८० मेगाबिट; एमबीपीएस मोजतात ते मेगाबिट) सहज जातात, म्हणून मला ते पटत नाही. नीट समजावूनही सांगता येत नाही.

खरी डोकेदुखी म्हाताऱ्या पीसीची. स्कॅन केलेल्या मोठ्या फाइल नॅसवर टाकताना वेग काही शे केबीवर येतो, मध्येच थांबतो, पुन्हा सुरू होतो. पिंग (जोडणी तपासायचं छोटं पॅकेट) मात्र स्वच्छ. केबल बदलली, पोर्ट बदलला, फरक नाही. कार्डाच्या सेटिंगमध्ये 'स्पीड अँड डुप्लेक्स'समोर '१०० एमबीपीएस फुल डुप्लेक्स' आहे. ते आधीच्या माणसाने ठेवलेलं, मी हात लावलेला नाही.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद १

सहकाऱ्यांनी हबचा (आलेला डेटा सगळ्या पोर्टवर सोडणाऱ्या जुन्या डब्याचा) जमाना पाहिलेला दिसतोय. स्विच प्रत्येक पोर्टचा वेग स्वतंत्र ठरवतो. गिगाबिट पोर्टवरून आलेली फ्रेम (डेटाचा एक गठ्ठा) पूर्ण आत घेतो, बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवतो आणि प्रिंटरच्या पोर्टवर १००च्या वेगाने सोडतो. १५०० बाइटचं पॅकेट गिगाबिटवर १२ मायक्रोसेकंदांत येतं, पलीकडे जायला १२० लागतात. बफर भरला की फ्रेम टाकल्या जातात, टीसीपीला (डेटा पोचला का ते बघणाऱ्या यंत्रणेला) ते कळतं आणि पाठवणारा हात आखडता घेतो. बाकीच्यांना त्याचा पत्ताही नसतो. वेगळ्या स्विचवर खर्च करू नका.

प्रतिसाद २

दुखणं त्या 'फुल डुप्लेक्स'मध्येच आहे. फुल म्हणजे एकाच वेळी पाठवणं आणि घेणं, हाफ म्हणजे एका वेळी एकच.

वेग हाताने ठरवला की बहुतेक कार्डं ऑटो-निगोशिएशन (दोन्ही टोकांनी आपसांत वेग आणि डुप्लेक्स ठरवणं) बंद करतात. स्विच विचारतोय आणि समोरून उत्तर नाही. सिग्नलवरून त्याला वेग १०० आहे एवढं ओळखता येतं, डुप्लेक्स ओळखता येत नाही. अशा वेळी नियमाप्रमाणे तो हाफ डुप्लेक्स धरतो. म्हणजे पीसी फुल, स्विच हाफ.

आता पीसी मनाला येईल तेव्हा पाठवतो. त्याच क्षणी स्विचही पाठवत असेल तर स्विचच्या लेखी ती टक्कर. तो आपली फ्रेम अर्ध्यात तोडतो, पीसीची चालू फ्रेमही वाया जाते. पीसीला मिळतात तुटके तुकडे, म्हणजे सीआरसी एरर (फ्रेम खराब आल्याची नोंद). पिंगमध्ये एक छोटं पॅकेट जातं, मग एक येतं, सहसा दोन्ही एकदम वाहत नाहीत, म्हणून ते स्वच्छ. मोठी फाइल जाताना मात्र डेटा आणि त्याच्या पोचपावत्या उलटसुलट धावतात आणि धडकतात.

उपाय: तिथे 'ऑटो निगोशिएशन' निवडा. स्विचला सेटिंगच नाही, त्यामुळे दोन्हीकडे हाताने ठरवण्याचा पर्याय तुम्हाला नाहीच. असाही मला तो आवडत नाही, पुढचा माणूस एकच बाजू बदलतो.

धागाकर्ता

ऑटो केलं. आता ११ एमबी प्रति सेकंद, स्थिर! दोघांचेही आभार. जाता जाता एक: नवा लॅपटॉप भिंतीतल्या केबलवर १००च दाखवतो, टेबलावरच्या केबलवर गिगाबिट.

प्रतिसाद २

१००ला केबलमधल्या तारांच्या दोनच जोड्या पुरतात, पिन १, २, ३ आणि ६. गिगाबिटला चारही लागतात. उरलेल्या चारपैकी एखादी तार सुटली असेल तर बरीच कार्डं मुकाट्याने १००वर उतरतात. केबल टेस्टर लावा, आणि आधी भिंतीतल्या सॉकेटचं झाकण काढून बघा, बहुतेक वेळा तार तिथेच निसटलेली असते.