टेक पत्रकारितेतली नोकरी सोडून फ्रीलान्स आणि स्वतःचा ब्लॉग : ज्यांनी केलंय त्यांनी सांगा

जुना_बातमीदार

नमस्कार मंडळी. वीसहून जास्त वर्षं टेक पत्रकारितेत आहे. सुरुवात छापील मासिकात प्रिंटर आणि मदरबोर्डचे रिव्ह्यू लिहिण्यापासून झाली, मग वेबसाइट आली, मग एंटरप्राइज सॉफ्टवेअर आणि सिक्युरिटी ही बीट (बातमीदारीचं ठरलेलं क्षेत्र) मिळाली आणि ती मनापासून आवडली. गेली काही वर्षं मात्र दिवस जातो तो इतरांच्या कॉप्या बघण्यात, ट्रॅफिकच्या मीटिंगमध्ये आणि हेडलाइनमध्ये कुठला कीवर्ड घालायचा या चर्चेत. स्वतः फोन फिरवून, कागदपत्रं वाचून शेवटची स्टोरी कधी केली ते आठवावं लागतं आणि त्याचं खूप वाईट वाटतं.

आता कंपनीने स्वेच्छेने बाहेर पडणाऱ्यांना पॅकेज देऊ केलंय आणि माझं मन जवळपास झालंय. डोक्यात असं आहे की निम्मा वेळ इतर प्रकाशनांसाठी फ्रीलान्स लिहायचं, त्यावर घर चालवायचं, आणि निम्मा वेळ स्वतःचा ब्लॉग, सोबत ईमेल न्यूजलेटर, पुढेमागे पैसे देणारे वाचक मिळाले तर उत्तमच.

विचारायचंय ते असं. ब्लॉगवर नेमकं लिहावं काय, कारण रोजच्या बातम्या सगळीकडेच आहेत आणि आता तर एआयने केलेले सारांशही आहेत. दुसरं, बाहेर पडायच्या आधी काय काय हातात घेऊन निघावं. आणि इतकी वर्षं मासिकाच्या नावावर लोक फोन उचलायचे, आता नुसत्या माझ्या नावावर उचलतील का, ही भीती आहेच.

बायलाइन

मीही याच वाटेने बाहेर पडलोय म्हणून सविस्तर लिहितो. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. फोन उचलतात, सगळे नाही. पीआरवाले लवकर गळतात. लॉन्चची आमंत्रणं, रिव्ह्यू युनिट, एम्बार्गोखाली (ठरलेल्या वेळेआधी न छापण्याच्या अटीवर) आधी मिळणारी माहिती, हे मासिकाच्या नावावर येत होतं, ते हळूहळू आटतं. पण इंजिनिअर, सिक्युरिटी रिसर्चर, कंपनी सोडून गेलेले प्रॉडक्ट मॅनेजर ही माणसं तुम्हाला ओळखतात, कारण तुम्ही त्यांचं म्हणणं नीट समजून घेऊन छापलंत आणि नाव सांगू नका म्हटल्यावर ते सांगितलं नाहीत. सिक्युरिटीच्या बीटसाठी ही दुसरी यादी कितीतरी जास्त मोलाची आहे.

ब्लॉगवर काय लिहावं याबद्दल माझं मत पक्कं आहे. अनुभवी बातमीदाराकडे जे असतं आणि नव्या पोरांकडे किंवा सारांश काढणाऱ्या मशीनकडे जे सहज नसतं ते म्हणजे मागचं आठवणं. कोणी आधी काय म्हटलं होतं, कुठलं वचन मोडलं, तेव्हा कोण कोणाशी भांडत होतं. उदाहरण देतो. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली, विमानतळ आणि हॉस्पिटलं अडकली, आणि त्या दिवशी जगभर एकच बातमी हजार ठिकाणी आली. सगळे विचारत होते की बाहेरच्या कंपनीचं सॉफ्टवेअर विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या अगदी आतल्या गाभ्यात, जातंच कसं. आता ज्याने २००६ मध्ये ही बीट केलीय त्याला लगेच आठवेल की मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या ६४ बिट व्हिस्टा आवृत्तीमध्ये कर्नलला हात लावणं बंद करायला घेतलं होतं, तेव्हा सिमँटेक आणि मॅकॅफी या अँटिव्हायरस कंपन्यांनी केवढा गदारोळ केला होता, प्रकरण युरोपियन कमिशनपर्यंत गेलं होतं आणि शेवटी मायक्रोसॉफ्टला सिक्युरिटी कंपन्यांसाठी वेगळी सोय देण्याचं कबूल करावं लागलं होतं. हे सगळं जोडून, तेव्हाची टिपणं काढून, तेव्हाच्या दोन माणसांना आज फोन करून लिहिलेला लेख, तो वाचायला लोक तुमच्याकडे येतील. तो इतर कोणी लिहू शकत नाही असं नाही, पण त्या आठवड्यात पटकन आणि बरोबर लिहू शकणारी माणसं फार थोडी असतात, आणि तुम्ही त्यातले आहात.

तसंच पासवर्डचं. पासवर्ड संपणार हे बिल गेट्सनी २००४ च्या आरएसए या सिक्युरिटी कॉन्फरन्समध्ये सांगितलं होतं, पासवर्डला पर्याय ठरवणारा कंपन्यांचा गट, फिडो अलायन्स, जाहीर झाला २०१३ ला, आणि ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट तिघे मिळून पासकीच्या (पासवर्डऐवजी स्वतःच्या फोन-कॉम्प्युटरमधल्या किल्लीने लॉगिन) मागे उभे राहिले २०२२ ला. मधली वर्षं कुठे गेली, काय अडलं, यावर एक अख्खी मालिका होते.

त्यामुळे बीट अरुंद ठेवा. "टेक्नॉलॉजीविषयी सर्व काही" असला ब्लॉग काढू नका.

संपादिका

मी कमिशनिंगच्या, म्हणजे लेख मागवण्याच्या बाजूला आहे, फ्रीलान्सरांचे पिच (लेखाचे प्रस्ताव) रोज वाचते, म्हणून तेवढ्यापुरतं लिहिते.

नोकरी सोडलेल्या ज्येष्ठ पत्रकारांकडून सर्वात जास्त येणारी मेल अशी असते की मी आता मोकळा आहे, इतका अनुभव आहे, काही लागलं तर सांगा. अशा मेलला आम्ही मनापासून शुभेच्छा देतो आणि पुढे काहीच होत नाही, कारण आमच्याकडे रिकामी जागा पडलेली नसते, आम्हाला स्टोरी हवी असते. तुम्ही स्वतः डेस्कवर होतात, तुम्हाला हे माहीतच आहे, पण बाजू बदलली की माणसं हे विसरतात हे मी वारंवार पाहिलंय. दोन परिच्छेद पाठवा. स्टोरी काय, आत्ताच का, कोण बोलायला तयार आहे, कुठली कागदपत्रं हातात आहेत, किती शब्द आणि कधीपर्यंत. त्या प्रकाशनाने याच विषयावर मागे काय छापलंय ते वाचून पाठवा, म्हणजे आमचा पहिला प्रश्न तिथेच मिटतो.

मानधनाचं आधी लेखी ठरवा. पैसे लेख स्वीकारल्यावर मिळणार की छापल्यावर, हा फरक फार मोठा आहे, छापल्यावर म्हटलं की लेख पडून राहिला तर पैसेही पडून राहतात. किल फी विचारा, म्हणजे लेख घेतला आणि नंतर रद्द केला तर किती देणार. विचारायला संकोच वाटू देऊ नका, जो संपादक त्यावरून नाराज होतो त्याच्याकडे पुढेही त्रासच होणार. आणि हक्कांचा मुद्दा नीट वाचा. सगळे हक्क कायमचे लिहून घेणारा करार आणि ठरावीक काळापुरते पहिल्या प्रकाशनाचे हक्क घेणारा करार यात तुमच्या ब्लॉगच्या दृष्टीने जमीनअस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात तुम्ही तोच मजकूर मुदत संपल्यावर स्वतःच्या साइटवर ठेवू शकता, नवी माहिती घालून पुन्हा वापरू शकता.

बायलाइन यांच्याशी सहमत, बीट अरुंदच हवी. आम्हालाही "सिक्युरिटीवर लिहिणारा" माणूस आठवत नाही, "कर्नलच्या भांडणावर लिहिणारा तो" बरोब्बर आठवतो.

सर्व्हर_रूम

हातात काय घेऊन निघावं यावर.

जुने लेख. आजच उतरवून घ्या. स्वतःच्या साइटवर छापू शकाल असं नाही, हक्क बहुतेक मालकाचे असतील, पण पिच करताना दाखवायला आणि संदर्भाला हवेतच. मालकाच्या साइटवर ते राहतील या भरवशावर राहू नका. २०२३ मध्ये सीनेट (CNET) या टेक साइटने सर्चसाठी साइट हलकी करायची म्हणून हजारो जुने लेख काढून टाकले. आनंदटेक १९९७ पासून चाललेली, हार्डवेअरमधली इतकी मानाची साइट, तीही ३० ऑगस्ट २०२४ ला थांबली. प्रत्येक लेखाचा पीडीएफ करा आणि लिंक वेबॅक मशीनमध्ये (जुनी वेबपानं जपून ठेवणारी साइट) सेव्ह करा, दोन्ही करा.

डोमेन स्वतःच्या नावावर घ्या, मग मागे ब्लॉग-न्यूजलेटर चालवायला वर्डप्रेस असो, घोस्ट असो की सबस्टॅक. सबस्टॅक वर्गणीतले १० टक्के घेतं, पेमेंटचं शुल्क वेगळं. घोस्ट टक्केवारी घेत नाही, महिन्याचं भाडं घेतं किंवा स्वतः सर्व्हरवर चालवा. सुरुवातीला वाचक थोडे असताना टक्केवारी परवडते, वाढले की भाडं परवडतं. खरी गोष्ट ईमेलची यादी. ती एक्स्पोर्ट करता आली पाहिजे, हे पहिल्या दिवशी तपासा. टेक पत्रकार केसी न्यूटनने २०२० मध्ये द व्हर्ज ही साइट सोडून प्लॅटफॉर्मर हे न्यूजलेटर काढलं ते सबस्टॅकवर, आणि जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या नाझी मजकुराच्या धोरणावरून घोस्टवर गेला. यादी त्याची होती म्हणून जाऊ शकला.

मेल पाठवायच्या आधी एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच तुमच्या डोमेनवरून आलीय हे पटवणाऱ्या सेटिंग) नीट लावा, फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू याबाबतीत कडक झालेत, नाहीतर न्यूजलेटर सरळ स्पॅममध्ये. आणि ओपन रेट (किती जणांनी मेल उघडली) बघून खूश किंवा दुःखी होऊ नका. ॲपलने २०२१ मध्ये मेलमध्ये जे प्रायव्हसी फीचर आणलं त्यानंतर माणसाने मेल उघडली नसली तरी उघडल्यासारखी दिसते. किती लोकांनी उलट उत्तर लिहिलं ते मोजा.

आरएसएस फीड (नवे लेख वाचकाच्या ॲपमध्ये आपोआप पोचवणारी) पूर्ण मजकुराची द्या. तुमचा वाचक अजून ती वापरतो.

थांबा_जरा

धागा छान चाललाय पण कोणीतरी पैशाचं स्पष्ट बोलायला हवं.

ही नावं घेतली जातात ती टिकलेल्यांची. ओम मलिकचं गिगाओम किती मोठं नाव होतं, ब्लॉगमधून उभी राहिलेली खरी पत्रकारिता होती ती, देणेकऱ्यांचे पैसे देता येईनात म्हणून मार्च २०१५ मध्ये बंद पडलं. वॉल्ट मॉसबर्गसारखा माणूस, १९९१ पासून वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये कॉलम लिहिलेला, त्याने आणि कारा स्विशरने २०१४ च्या सुरुवातीला रीकोड हे टेक बातम्यांचं संकेतस्थळ काढलं आणि मे २०१५ मध्ये ते व्हॉक्स मीडियाकडे गेलं. नाव मोठं असलं म्हणजे धंदा आपोआप चालतो असं होत नाही.

मला ज्याचं उदाहरण पटतं तो जेसन स्नेल. ॲपलविषयीच्या मॅकवर्ल्डचा मोठा संपादक, सप्टेंबर २०१४ मध्ये बाहेर पडला, त्याच महिन्यात स्वतःची सिक्स कलर्स साइट काढली. पण त्याचं पोट एका साइटवर नाही. साइटचे प्रायोजक, सभासदांची वर्गणी, पॉडकास्ट, आणि ज्या मॅकवर्ल्डमधून तो बाहेर पडला तिथेच नंतर कॉलम लिहायला लागला. चार ठिकाणून थोडं थोडं येतं तेव्हा एक बंद झालं तरी महिना निघतो.

तुमच्या आराखड्यात मला दोन गोष्टी खटकतात. निम्मा वेळ ब्लॉग म्हणताय, पण पिच लिहिणं, इन्व्हॉइस पाठवणं, अडकलेल्या पैशांसाठी पुन्हा पुन्हा मेल करणं, हा वेळ कुठेच धरलेला नाही आणि तो खूप असतो. दुसरं म्हणजे पैसे देणाऱ्या वाचकांची घाई करू नका. वर्गणी घेतली की दर आठवड्याला देणं लागता, आजारी असा नाहीतर फ्रीलान्सची डेडलाइन असो. आधी बरेच महिने फुकट लिहा, लय बसू दे, वाचक स्वतःहून विचारू देत की पैसे कुठे भरायचे. आणि पॅकेजचे पैसे हे उत्पन्न धरू नका.

जुना_बातमीदार

सगळ्यांचे खूप खूप आभार, इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. २००६ च्या कर्नलच्या भांडणाची माझी टिपणं खरंच आहेत, काल रात्री काढून बसलो होतो.

दोन गोष्टी अजून विचारतो. एका सिक्युरिटी कंपनीने ओळखीतून व्हाइटपेपर (कंपनीच्या नावाने निघणारा माहितीपर लेख) लिहायला बोलावलंय, मानधन मासिकांपेक्षा कितीतरी चांगलं. घ्यावं का? आणि आत्तापर्यंत स्टोरी वादग्रस्त असली की वकील बघायचा, आता ब्लॉगवर ते कोण बघणार?

बायलाइन

व्हाइटपेपर घेतलात तर ती कंपनी आणि तिचे थेट स्पर्धक, दोन्हींबद्दल लिहिणं सोडावं लागेल असं मी मानतो. स्पर्धकांवर टीका केलीत तरी वाचक म्हणेल की पैसे तिकडून आलेत, आणि त्याचं बरोबर असेल. तुमची बीट सिक्युरिटी, म्हणजे हे काम तुमच्या मुख्य विषयाचा एक मोठा तुकडा कापून घेणार. काही जण हा प्रश्न असा सोडवतात की कंपन्यांसाठीचं लेखन पूर्ण वेगळ्या क्षेत्रात करतात, ज्यावर पत्रकार म्हणून कधीच लिहीत नाहीत. तुम्ही प्रिंटर, स्टोरेज वगैरे केलंय, तिथे बघा. आणि काय घेता, काय घेत नाही, हे ब्लॉगवर एका पानावर उघड लिहून ठेवा, रिव्ह्यू युनिट परत करता की ठेवता तेही. ॲफिलिएट लिंक (वाचकाने खरेदी केली की तुम्हाला कमिशन देणारी) असेल तर लेखातच वरती सांगा, तळाशी लपवू नका.

वकिलाचं तुम्ही बरोबर ओळखलंत. नोकरी सोडताना बायलाइन (लेखावरचं आपलं नाव) जात नाही, मागे उभं असलेलं डेस्क जातं. ज्या स्टोरीत कोणावर आरोप आहे ती शक्यतो ब्लॉगवर टाकू नका, प्रकाशनाला द्या, तिथे कॉपी तपासली जाते, वकील बघतो. मात्र करारातलं इंडेम्निटीचं कलम वाचा, काही करारांत केस झाली तर सगळा खर्च लेखकाने द्यायचा असं असतं, ते खोडायला सांगा, निदान "लेखकाने जाणूनबुजून चूक केली असेल तरच" इतकं तरी करून घ्या.

संपादिका

हे कलम विचारलं की आम्ही बहुतेकदा बदलून देतो, लोक विचारतच नाहीत.

ब्लॉगवर टाकणारच असाल तर ज्याच्याबद्दल लिहिताय त्याला लेखी प्रश्न पाठवा, उत्तराला ठरावीक वेळ द्या, उत्तर आलं तर लेखात घ्या आणि नाही आलं तर तसं लिहा. ती मेल, टिपणं, रेकॉर्डिंग जपून ठेवा. सोर्सशी बोलायला कंपनीचा ईमेल किंवा कंपनीचा फोन वापरत असाल तर आजपासून बंद करा, तो शेवटच्या दिवशी परत करायचाय आणि त्यात काय काय राहतं ते तुमच्या हातात नसतं. सिग्नल या मेसेजिंग ॲपवर या म्हणून एकेकाला स्वतः कळवा, राजीनामा देण्याच्या आधी.