शाळेतलं पहिलं 'आवडणं': तुमचे आणि तुमच्या मुलांचे अनुभव सांगा

आमचे चिरंजीव गोव्यात, फोंड्यातल्या मराठी शाळेत पहिलीत आहेत. परवा सकाळी त्यांनी आजीकडे सुरंगीच्या वळेसरातला (गजऱ्यातला) तुकडा मागितला. कुणाला रे? तर बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलीला. "ती हसली की मला पण हसू येतं." कारण एवढंच. आजीने पुढे काही न विचारता तोडून दिला. घोळ केला तो काकाने: "मग सून कधी आणतोस?" तेव्हापासून पोरगा त्या मुलीचं नावच काढत नाही. तुमच्याकडे असं काही घडलंय का? आपण हसूच, पण मूल खोलीत नसताना.

डिचोली
ऐंशीच्या दशकातली आमची सरकारी प्राथमिक शाळा. एकाच खोलीत दोन इयत्ता आणि मास्तर एकच. मी दुसरीत, ती तिसरीत. गणितं सोडून मी तिसरीच्या कविता ऐकत बसायचो, त्यामुळे पुढच्या वर्षी त्या मला आधीच पाठ. मास्तर खूश, "पोर हुशार आहे हो!" चौथीला शाळा संपली आणि ती मामाकडे म्हापशाला हायस्कुलात गेली. म्हापशाची कदंब बस दिसली की अजून खिडक्यांवरून नजर फिरते. बायकोला ठाऊक आहे, ती मुद्दाम बोट दाखवते.

पेडणे
शिवजयंतीचं नाटक होतं. बाकी मुलींना शिवाजी आवडायचा, मला अफझलखान! काजळाच्या मिशा, पोटावर उशी. वध झाल्यावर पडला तो हलेचना, त्यात उशी फाटून कापूस बाहेर. मी मावळा होते. रांग मोडून धावले आणि विचारलं, "लागलं रे?" अख्खा मांडव हसला. खान डोळे मिटूनच पुटपुटला, "ना गो."

म्हापसा
मला पहिलीच्या बाईच आवडायच्या. अबोली माळायच्या. त्यांचं लग्न ठरल्याचं कळलं त्या दिवशी मी डबा खाल्ला नाही. आईने जंताचं औषध पाजलं.

सत्तरी, प्राथमिक शिक्षिका
मोठ्यांना यात काय काय दिसतं! मुलांना बहुतेक वेळा "माझ्याशेजारी बस" एवढंच हवं असतं. फळ्यावर दोन नावं जोडून लिहिलेली दिसली की मी काही न बोलता पुसते. चौकशी केली की वर्गभर चिडवाचिडवी सुरू होते.

अडचण येते ती समोरच्याला नको असेल तेव्हा. एक मुलगा रोज एका मुलीच्या डब्यात बोरं टाकायचा आणि ती रडकुंडीला यायची. त्याला म्हटलं, "आधी विचार, हवीत का. नको म्हणाली तर तू खा." त्याने विचारलं. ती "नको" म्हणाली. तिथेच उभ्याउभ्या त्याने सगळी खाल्ली, प्रश्न मिटला. हात धरण्याआधीही असंच विचारायचं, हे घरीच शिकवता येतं.

आणखी एक. मुलाला कुणी आवडली तर घरभर कौतुक, मुलीने तेच सांगितलं तर डोळे वटारायचे. हे सर्रास चालतं आणि मला मुळीच पटत नाही. दटावलेली मुलगी पुढे खरोखर कुणी त्रास दिला तरी घरी सांगत नाही.

दिवाडी
24 जून, सांजांव, म्हणजे सेंट जॉनचा सण. तिच्या घरी फुलापानांची कोपेलं (डोक्यावर घालायचे मुकुट) व्हायची, वाड्यावरच्या सगळ्या पोरांना एकेक. माझ्यात पिवळी फुलं जास्त आहेत, असं मी आपलं ठरवून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी तेच कोमेजलेलं कोपेल डोक्यावर घालून शाळेत गेलो. सरांनी दारातच काढायला लावलं.

मडगाव
आमची बाय केजीत आहे. तिला दोघांशी लग्न करायचंय. आजी म्हणाली, "अगो, एकच निवड." त्यावर बायचा हिशेब तयार: दोघांची घरं जवळ आहेत, चवथीला एकाकडे जेवायचं आणि दुसऱ्याकडे नेवऱ्या खायच्या. तिची आई म्हणते, आता थोडी वाट बघू, तिसराही येईल.