कुरकुरीत खाऊ पाहुणे येईपर्यंत सादळतो. नेमके काय चुकत असावे?

सायंमैफल

नमस्कार. सुट्टीच्या संध्याकाळी आमच्याकडे पत्त्यांचा डाव रंगतो. आठ-नऊ मित्रमैत्रिणी आणि त्यांची मुले जमतात. डाव न थांबवता हाताने उचलून तोंडात टाकता येईल असा खाऊ असावा, म्हणून मी गेल्या वेळी तळलेले बटाट्याचे काप, मक्याच्या लाह्या आणि भाजलेले बदाम-अक्रोड असे तीन साधेच प्रकार केले होते. पाच वाजता चाखून पाहिले तेव्हा तिन्ही उत्तम जमले होते. सात वाजता झाकणे उघडली, तर काप लिबलिबीत झाले होते, लाह्या चामड्यासारख्या वातड लागत होत्या आणि बदामांचा खमंगपणा कुठल्या कुठे गेला होता. शिवाय लाह्यांच्या तळाशी मूठभर गणंग, म्हणजे न फुटलेले दाणे, राहिले होते, ते वेगळेच.

कृती थोडक्यात सांगतो. बटाटे आदल्या दिवशी आणून फ्रिजमध्ये ठेवले होते. कापल्यावर लगेच तळले आणि गरम राहावेत म्हणून डब्यात भरून झाकण लावले. लाह्यांवर वितळवलेले लोणी ओतले. बदाम-अक्रोड भाजून झाल्याबरोबर हवाबंद बरणीत भरले. पाहुणे आल्यावर मला गॅससमोर उभे राहायचे नाही, मलाही डावात बसायचे आहे. ही अपेक्षा अवास्तव आहे का?

झारा

अपेक्षा मुळीच अवास्तव नाही, पण आपण ज्या गोष्टी काळजीपोटी केल्या त्यांनीच घात केला आहे. तिन्ही पदार्थांत चूक एकच झाली आहे, ती म्हणजे वाफ कोंडली गेली. बटाट्यात वजनाच्या जवळजवळ ८० टक्के पाणी असते. तळताना कापाच्या फक्त बाहेरच्या पातळ थरातले पाणी निघून जाते आणि तो थर कडक होतो, आतला गर मात्र ओलाच राहतो. कढईतून काढल्यानंतरही आतली वाफ बाहेर येत असते. तिला मोकळी हवा मिळाली नाही, तर झाकणाला घाम सुटतो आणि तेच पाणी पुन्हा कापांवर पडते. त्यामुळे पहिला नियम असा की, तळलेला किंवा भाजलेला पदार्थ गरम असेपर्यंत झाकू नये. तो कागदावर ढीग करून ठेवण्यापेक्षा जाळीवर एकेरी पसरावा, कारण कागद वरचे तेल टिपतो खरे, पण खालच्या बाजूची वाफही तिथेच अडकते.

आता बटाट्याविषयी सविस्तर लिहितो, कारण खरी मेहनत तिथेच आहे. बटाटा फ्रिजमध्ये ठेवू नये. साधारण ६ अंशांपेक्षा कमी तापमानात त्यातल्या पिष्टाची साखर होऊ लागते आणि असे काप आतून शिजण्याआधीच बाहेरून काळपट होतात. पिठूळ जातीचा, म्हणजे उकडल्यावर सहज फुटणारा बटाटा घ्यावा. चिकट जातीचा बटाटा रश्श्यात चांगला लागतो, कापांसाठी तो उपयोगाचा नाही. करंगळीएवढे जाड काप करून ते पाणी नितळ दिसेपर्यंत धुवावेत, म्हणजे पृष्ठभागावरचे मोकळे पिष्ट आणि साखर निघून जाते व काप एकमेकांना चिकटत नाहीत. त्यानंतर एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर व थोडे मीठ घालून त्यात काप मंद आचेवर दहा मिनिटे शिजवावेत. आंबटपणामुळे बटाट्यातले पेक्टिन, म्हणजे त्याच्या पेशी एकत्र धरून ठेवणारा पदार्थ, लवकर विरघळत नाही, त्यामुळे काप शिजूनही मोडत नाहीत. ते निथळून, पंचावर पसरून पूर्ण कोरडे करावेत.

तळायचे दोनदा. पहिला घाणा १५५ ते १६० अंशांवर चार-पाच मिनिटांचा. या वेळी रंग येऊ देऊ नये. मग काप जाळीवर गार करावेत, आणि हे काम पाहुणे यायच्या तीन तास आधी उरकले तरी चालते. दुसरा घाणा ऐनवेळी १८५ ते १९० अंशांवर दोन-तीन मिनिटांचा. पहिल्या तळणीत फुललेले पिष्ट गार होताना सुकते आणि दुसऱ्या तळणीत त्याचेच टणक कवच होते. कढईत एका वेळी थोडेच काप सोडावेत, कारण जास्त टाकल्यास तेल एकदम थंड होते आणि काप तेल पितात.

गणंग_नको

झारा यांच्याशी सहमत आहे. मी फक्त लाह्यांविषयी लिहिते, कारण त्या विषयात मी बरीच भांडी काळी केली आहेत.

मक्याचा दाणा फुटतो तो त्याच्या आतल्या पाण्यामुळे. लाह्यांच्या मक्याचे साल टणक आणि हवाबंद असते, तर आत साधारण १४ टक्के ओलावा असतो. दाणा तापला की त्या पाण्याची वाफ कोंडते आणि दाब हवेच्या दाबाच्या जवळपास नऊपट होतो. मग साल फाटते आणि मऊ झालेले पिष्ट फुलून क्षणात घट्ट होते. फ्रान्समधील दोन संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १७० अंशांवर सुमारे एक तृतीयांश दाणे फुटले, तर १८० अंशांवर ९६ टक्के फुटले. दहा अंशांनी एवढा फरक पडत असेल, तर पातेल्यात सगळे दाणे एकाच वेळी त्या तापमानाला पोहोचणे किती महत्त्वाचे आहे हे लक्षात यावे.

म्हणून माझी पद्धत अशी आहे. जाड बुडाच्या पातेल्यात तीन मोठे चमचे तेल आणि फक्त तीन दाणे टाकायचे. ते फुटले की काढून घ्यायचे, अर्धी वाटी, म्हणजे सुमारे १०० ग्रॅम दाणे एकाच थरात घालायचे आणि पातेले अर्धा मिनिट आचेवरून बाजूला ठेवायचे. एवढ्या अवधीत सगळे दाणे सारखे तापतात. मग पुन्हा आचेवर ठेवले की ताडताड फुटायला लागतात. या वेळी झाकण किंचित तिरके ठेवावे, म्हणजे वाफ बाहेर पडते पण लाह्या पडत नाहीत. दोन फुटण्यांत दोन सेकंदांचे अंतर पडू लागले की पातेले उतरवावे आणि लाह्या लगेच रुंद परातीत ओताव्यात. गणंग फारच राहत असतील, तर दाणे सुकले आहेत असे समजावे. बरणी पाऊण भरेल एवढ्या दाण्यांना, म्हणजे साधारण एक लिटरच्या बरणीला, एक मोठा चमचा पाणी लावून, हलवून, दोन-तीन दिवस झाकून ठेवल्यास त्यांतले बरेच पुन्हा फुटण्याजोगे होतात.

लोण्याबद्दल सांगायचे, तर विकतच्या लोण्यात १६ टक्क्यांच्या आसपास पाणी असते, म्हणजे आपण लाह्यांवर एका अर्थी पाणीच शिंपडले. लोणी आधी कढवून त्यातले पाणी उडवावे आणि मगच घालावे. मीठ मिक्सरमध्ये पिठासारखे बारीक करून घ्यावे, कारण जाडे मीठ परातीच्या तळाशीच सापडते.

शिळापाव

वरील दोन्ही उत्तरे अचूक आहेत, तरी माझे मत थोडे निराळे आहे. दहा-बारा जणांसाठी दोनदा तळणे म्हणजे यजमानाने संध्याकाळ स्वयंपाकघरात घालवण्यासारखेच आहे. घरात ओव्हन असेल, तर बटाट्याच्या मोठ्या फोडी भाजाव्यात. दोन लिटर पाण्यात मीठ आणि अर्धा चहाचा चमचा खाण्याचा सोडा घालून फोडी दहा मिनिटे उकळाव्यात, निथळाव्यात आणि तेल घालून पातेल्यातच जोरात हलवाव्यात. कडा खडबडीत होऊन त्यांवर पिठूळ लेप चढतो. नंतर २२० अंशांवर ४५ मिनिटे भाजावे आणि मध्ये एकदा उलटवावे. त्या खडबडीत लेपाचीच कुरकुरीत खपली होते. तुम्हाला करायचे एवढेच की ओव्हनमध्ये ट्रे सरकवायचा आणि डावावर येऊन बसायचे.

आणखी एक प्रकार सुचवतो, कारण तो सादळतच नाही. शिळ्या पावाच्या बोटाएवढ्या कांड्या कापून त्यांना तेल, मीठ आणि आवडीचा सुका मसाला चोळावा आणि १५० अंशांवर २०-२५ मिनिटे भाजाव्यात. पाव इतका पातळ कापलेला असतो की पाणी आतून बाहेर सगळे उडते. आतला ओला गरच उरत नाही, मग कवच भिजवणार कोण? गार झाल्यावर डबाबंद केल्यास त्या बरेच दिवस टिकतात.

सायंमैफल

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बरणीतल्या बदामांचे काय झाले हेही आता उमगले. दोन शंका आहेत. झारा व्हिनेगर घालायला सांगतात आणि शिळापाव सोडा. म्हणजे एक आंबट, दुसरा त्याच्या अगदी उलट. दोन्ही बरोबर कसे? आणि माझ्याकडे तेलाचा तापमापक नाही, मग १६० आणि १९० ओळखायचे कसे?

झारा

दोन्ही बरोबर आहेत, कारण हेतू वेगळे आहेत. बारीक काप अखंड राहायला हवेत, म्हणून पेक्टिन टिकवायचे असते. मोठ्या फोडींचा पृष्ठभाग मुद्दाम विस्कटायचा असतो, म्हणून तेच पेक्टिन सोड्याने सैल करायचे. अदलाबदल केल्यास कापांचा लगदा होईल आणि फोडी गुळगुळीत राहतील. सोडा मात्र सांगितल्यापेक्षा जास्त घालू नये, साबणासारखी चव येते.

तापमापक नसेल तर गणंग_नको यांचेच दाणे वापरा. तेल गरम करायला ठेवतानाच त्यात मक्याचा एक दाणा टाकावा. तो फुटला की तेल १८० च्या आसपास आहे असे समजावे, तो झाऱ्याने काढावा आणि थोडे थांबून दुसरा घाणा सोडावा. पहिल्या घाण्यासाठी लाकडी चमच्याचा कोरडा दांडा तेलात बुडवून पाहावा. त्याच्याभोवती बारीक बुडबुडे संथपणे येत असतील, तर पुरेसे आहे. कढई अर्ध्यापेक्षा जास्त भरू नये. तेलाने पेट घेतलाच, तर आच बंद करून वर धातूचे झाकण ठेवावे. पाणी कधीही ओतू नये.

गणंग_नको

मुले येणार आहेत असे आपण लिहिले आहे, म्हणून एक सूचना. चार वर्षांखालील मुलांना लाह्या आणि अख्खे बदाम देऊ नयेत, घशात अडकण्याचा धोका असतो. त्यांच्यापुढे भाजलेल्या बटाट्याची मऊ फोड ठेवावी. आणि कोणाला बदाम-अक्रोडाची ॲलर्जी आहे का, हे आधी विचारून ठेवावे. आमच्याकडे हे एकदा वाडगा फिरू लागल्यावर कळले आणि सगळ्यांचीच भंबेरी उडाली.

खमंग

बदामांचे मी पूर्ण करतो. १६५ अंशांवर १०-१२ मिनिटे पुरेत. अक्रोड पातळ असल्याने दोन-तीन मिनिटे आधी काढावेत. ओव्हनमधून काढताना ते मऊच लागतात आणि तिथेच माणूस फसतो, अजून थोडे भाजूया म्हणतो आणि ते जळतात. कुरकुरीतपणा गार होताना येतो. त्याशिवाय काढल्यानंतरही आतली उष्णता त्यांना भाजत राहते, त्यामुळे रंग एक छटा फिका असतानाच ताटलीत पसरावेत. पूर्ण गार झाल्यावरच बरणीत भरावेत.

सायंमैफल

काल पुन्हा सगळे जमले होते, म्हणून अहवाल देतो. तळण रद्द केले आणि सोड्याच्या फोडी भाजल्या. पहिला ट्रे दाटीवाटीने भरल्यामुळे मधल्या फोडी भाजण्याऐवजी वाफेवर शिजल्या. दुसऱ्या ट्रेमध्ये बोटभर अंतर ठेवले, त्या अप्रतिम झाल्या. पावाच्या कांड्या सकाळीच करून ठेवल्या होत्या, रात्री नऊपर्यंत तशाच कडक होत्या. लाह्या मात्र आधी केल्याच नाहीत. पातेले, तेल आणि दाणे तयार ठेवले आणि डावाच्या मध्यंतरात मुलांना लांब बसवून त्यांच्या देखत फोडल्या. फुटण्याचा आवाज थांबेपर्यंत कोणी पत्ते उचलले नाहीत. अर्ध्या वाटीत अकरा गणंग निघाले, मुलांनी मोजले. बदाम मी या वेळीही किंचित जास्तच भाजले.