छोटा, दणकट व्हिडिओ कॅमेरा सुचवा (लवकर!)

चिखल्या: मंडळी, खिशात मावेल, पडला तरी फुटणार नाही आणि पाऊस सोसेल असा व्हिडिओ कॅमेरा हवाय. गेल्या वर्षी मोबाईल चिखलात गेला, त्यामुळे मोबाईल सुचवू नका. रविवारच्या आत घ्यायचाय.

गडवेडा: डोळे मिटून गोप्रो घ्या. वेगळी केस न लावता १० मीटर पाण्यात चालतो. हरिश्चंद्रगडाच्या पाचनईच्या वाटेवर धबधब्याखाली धरला होता, काही झालं नाही. फक्त बाजूचं झाकण नीट लावा, पाणी तिथूनच शिरतं.

पायवाट: बजेट किती? शूट काय करणार?

जुनाजाणता: ओस्मो ॲक्शन ४ बघा, गोप्रोसारखाच ॲक्शन कॅमेरा. १८ मीटर पाण्यात चालतो, सेन्सरही मोठा, ढगाळ उजेडात बरा.

गडवेडा: १८ मीटर कशाला? त्यांना विहिरीत उतरायचंय का?

रानभूल: संरक्षित किल्ल्यांवर परवानगीशिवाय ड्रोन उडवू नका हं, महागात पडेल.

चिखल्या: ड्रोन कोणी विचारला?? बजेट पंचवीस हजार. बांधावरून शूट करायचंय, पन्नास-साठ फुटांवरून.

पायवाट: कसला बांध?

चिखल्या: शेताचा! नांगरणी स्पर्धा आहे आमच्याकडे, संगमेश्वरला.

जुनाजाणता: अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं! ॲक्शन कॅमेऱ्याला ऑप्टिकल झूम नसतो, वर लेन्स वाइड. साठ फुटांवरून बैल मुंगीएवढे दिसतील. ओस्मोचं मागे घेतो. तुम्हाला हवा तो जेव्हीसीचा क्वाड प्रूफ कॅमकॉर्डर, म्हणजे पाणी, धूळ, आपटणं, थंडी चारही सोसणारा. ४० पट ऑप्टिकल झूम, ५ मीटर पाणी, दीड मीटरवरून पडला तरी चालतो.

पायवाट: आणि मिळतो कुठे? कंपनीने कॅमकॉर्डर बनवणं कधीच थांबवलं. जुना सापडला तरी बॅटरी आत बसवलेली, आपल्याला बदलता येत नाही. दहा वर्षांच्या बॅटरीवर स्पर्धा शूट करणार? त्यापेक्षा सोनीचा २० पट झूमवाला हँडीकॅम सेकंडहँड बघा, वरून रेनकव्हर.

गडवेडा: गोप्रो जोखडाला बांधा की! भन्नाट अँगल येईल.

चिखल्या: दादा, बैल बुजला तर नांगऱ्या आडवा होईल. तुम्ही याल धरायला?

पायवाट: 😂 हँडीकॅमसाठी दोन गोष्टी. प्लॅस्टिकवर पाऊस तडतडतो, तो आवाज माइकमध्ये येतो, म्हणून माइकजवळ कव्हर ताणून बांधू नका. आणि लेन्सवर चिखल उडाला तर पुसायचा नाही. त्यात रेती असते, चरे पडतात. लेन्सवर आधीच एक साधा यूव्ही फिल्टर (लेन्सवर बसणारी काच) चढवा, खराब झाला तर तेवढाच बदलायचा.

जुनाजाणता: फिल्टर ठीक आहे, पण एसी गाडीतून काढल्या काढल्या शूट करू नका. लेन्सवर वाफ धरते. अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा.

चिखल्या: एसी कुठला, टेम्पोने जातो आम्ही. चुलतभावाकडे हँडीकॅम पडलाय, तोच आणतो. फिल्टर चिपळूणला मिळेल ना?

रानभूल: बैल गावठी की घाटी (घाटावरचे)?

चिखल्या: गावठी. आमचेच आहेत, म्हणून तर घाई.