आजीची गोष्ट कंडक्टरच्या नजरेतून लिहिली तर?

मेधा_सातारा: कथा लिहितेय. ७८ वर्षांची आजी दर मंगळवारी तालुक्याच्या एसटीत बसते. स्वतःचं शून्य रुपयाचं तिकीट घेते आणि शेजारच्या रिकाम्या सीटचं एक फुल तिकीट काढते. ती जागा नवऱ्याची. तो ७१व्या वर्षी गेला. आजीच्याच तोंडून लिहिलं, तर पहिल्या परिच्छेदात सगळं कळून जातं आणि पुढची आठ पानं नुसत्या आठवणी. मैत्रीण म्हणते, कंडक्टरला सांगू दे. पण घटना त्याच असतील तर कथानक बदलणार कसं?

पाटीपेन्सिल: घटना त्याच राहत नाहीत. जपानी लेखक अकुतागावाची १९२२ची ‘यबु नो नाका’ ही कथा वाचा. एका मृत्यूच्या सात जबान्या. दरोडेखोर म्हणतो मी मारलं, बायको म्हणते मी, आणि मेलेला नवरा मांत्रिकेच्या तोंडून सांगतो की त्याने स्वतःच जीव दिला. (दिग्दर्शक कुरोसावाच्या १९५०च्या ‘राशोमोन’ सिनेमाची गोष्ट हीच, नाव मात्र त्याच लेखकाच्या दुसऱ्या कथेचं, शोधताना हमखास घोळ होतो.) तुमच्या आजीला लपवायचं काहीच नाही, म्हणून गोष्ट जागची हलत नाही.

मुक्कामी_गाडी: जपानचं मला माहीत नाही. मी १९ वर्षं एसटीत कंडक्टर आहे, तेवढ्यापुरतं सांगतो. ताई, तुमचं तिकीट चुकलंय. पंचाहत्तरीच्या पुढे फुकट, हे बरोबर, २०२२पासून. पण ६५ ते ७५ला अर्धं. बायकांनाही मार्च २०२३पासून अर्धं. म्हणजे म्हातारीने फुल तिकीट मागितलं की माझ्या डोक्यात पहिलं हेच येणार, की जागा बाईची नाही आणि म्हाताऱ्याचीही नाही. मोठा बाप्या, पासष्टीच्या आतला. हिचा मुलगा असणार. हे तिने सांगायची गरज नाही, मशीनवर बोट ठेवतानाच कळतं.

आणि मी लगेच विचारणारही नाही. दोन-तीन मंगळवार जातील. एकदा म्हणेन, “मावशी, उगाच पैसे का घालवता?” ती म्हणेल, “तुला तिकिटाशी काम ना?” मग कुठल्या थांब्यावर उतरताना ती मागे वळून बघते, ते मी बघायला लागेन.

मेधा_सातारा: बाप रे. हे अर्ध्या-फुलचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नवरा गेला कथेतून, मुलगा आला. आठ पानं बाद! आता एक सांगा, बाजारच्या दिवशी गाडी खच्चून भरली तर ती सीट रिकामी ठेवाल?

मुक्कामी_गाडी: तिकीट काढलंय म्हटल्यावर ठेवायला पाहिजे. पण कडेवर लेकरू घेऊन उभ्या असलेल्या बाईला ते कसं सांगणार? मी खाली बघून तिकिटं देत पुढे गेलो असतो. मावशीनेच पिशवी उचलून मांडीवर घेतली असती.

पाटीपेन्सिल: मेधाताई, पिशवी तिथेच उचलू द्या. आणि कंडक्टरला ते दिसू देऊ नका, त्याला फक्त पुढच्या मंगळवारचं तिकीट दिसू द्या.