मदत हवी आहे : गुन्ह्याच्या क्षणीची मनःस्थिती नंतर कशी ठरवतात?

कायद्याच्या अभ्यासासाठी मानसिक आजार आणि गुन्हेगारी जबाबदारी यावर टिपण लिहिते आहे. इंग्लंडमध्ये १८४३ साली डॅनियल मॅकनॉटन या खुनाच्या आरोपीवर चाललेल्या खटल्यानंतर ठरलेली कसोटी समजली: आजारामुळे आपण काय करतोय किंवा ते चूक आहे, हे त्या वेळी कळत नव्हतं का? मॅकनॉटन निर्दोष ठरला, पण घरी गेला नाही; १८६५ मध्ये वारला तोवर मनोरुग्णांसाठीच्या संस्थांमध्येच डांबलेला होता. ‘वेडाचं सोंग केलं की सुटतो’ म्हणणाऱ्यांना हे माहीत नसतं.

अडलंय ते पुढे. समजा, एखाद्याला ‘मार, नाहीतर तो तुला मारेल’ असे आवाज येतात. तो वार करतो आणि सुरी धुऊन लपवतो. सरकारी पक्ष म्हणणार, लपवली म्हणजे चूक कळत होती. पण नुसत्या भीतीपोटीही माणूस लपवतोच ना? निकाल वाचले, ओळखीच्या वकिलांना विचारलं. ‘प्रत्येक खटला वेगळा’ एवढंच उत्तर मिळालं. आरोपी आज खटल्याला सामोरं जाण्याच्या स्थितीत आहे का, हा मुद्दा नकोय.

मनोविकारतज्ज्ञ किंवा फौजदारी वकील कुणी असाल तर सांगा: तपासणी बऱ्याच दिवसांनी होते, तेव्हा उपचारांचे जुने कागद, घरच्यांचे जबाब आणि घटनेनंतरचं वागणं यांत जास्त वजन कशाला देता, आणि का?