मतदानाला गेल्यावर आलेले अनुभव, आणि एकच नियम बदलायचा तर कुठला बदलाल?

महाराष्ट्रात महापालिकांचं मतदान 15 जानेवारी 2026 ला झालं एकदाचं. मुंबईची मुदत मार्च 2022 लाच संपली होती, कल्याण-डोंबिवली आणि नवी मुंबई तर 2020 पासून सरकारी प्रशासकाकडे होत्या. घटनेच्या कलम 243-यू मध्ये सरळ लिहिलंय की मुदत संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे, तरी ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्टाच्या तारखा यात वर्षं गेली आणि मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने आदेश दिला तेव्हा कुठे हालचाल झाली. या काळात आमच्या गल्लीत गटाराचं झाकण फुटलं तर सांगायचं कुणाला? आधी नगरसेवकाच्या दारात जाऊन बसता यायचं, मग नुसता तक्रार नंबर मिळायचा आणि दोन दिवसांनी 'तक्रारीचे निवारण झाले' असा मेसेज, झाकण तसंच फुटलेलं. 'एक देश एक निवडणूक'चं विधेयक डिसेंबर 2024 ला लोकसभेत आलं, त्यावर भांडायला सगळे तयार, मला आधी माझ्या वॉर्डाची निवडणूक वेळेवर हवीय. तुमचं सांगा, पक्षाचं नाव न घेता.

पुण्याहून
चार सदस्यांचा प्रभाग हा प्रकार बंद करा, एवढंच माझं मागणं. आई 78 वर्षांची, दरवेळी आवर्जून मत देते. यावेळी एक बटण दाबून निघाली तर आतून अधिकारी म्हणाले, आजी थांबा, अजून तीन राहिलीत. अ, ब, क, ड अशा चार जागा, प्रत्येकीची मतपत्रिका वेगळ्या रंगाची, चारही जागांना मत किंवा नोटा (यापैकी कुणीही नको) दिल्याशिवाय शेवटचा बीप वाजत नाही. मागे रांग, लोक चुळबुळ करतायत, ती बिचारी घाबरली. बाहेर आल्यावर म्हणते, लोकसभेला काचेत चिठ्ठी दिसलेली, आज का नाही दिसली? बरोबर विचारलं तिनं, स्थानिक निवडणुकीत व्हीव्हीपॅट नसतंच. मुंबईत एका वॉर्डाला एक नगरसेवक चालतो, मग आम्हाला का नाही? आता काम अडलं की चौघं एकमेकांकडे बोट दाखवणार.

झेडपी शाळेतला शिक्षक
विधानसभेला केंद्राध्यक्ष होतो. साहित्य घेऊन, मतदान यंत्राचे भाग म्हणजे सीयू-बीयू-व्हीव्हीपॅट सांभाळत संध्याकाळी केंद्रावर पोचायचं, बाकं जोडून झोपायचं, महिला कर्मचारी असतील तर त्यांचे हाल विचारूच नका, शाळेतल्या संडासाला कडी नाही. पहाटे मॉक पोल म्हणजे चाचणी मतदान, कमीत कमी 50 मतं टाकायची, एजंटांना निकाल दाखवायचा, क्लोज-रिझल्ट-क्लिअर ही बटणं दाबायची, व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्या काढून काळ्या पाकिटात सील करायच्या, मग सातला खरं मतदान. संध्याकाळी सहाला रांग उरली तर शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटत यायचं, म्हणजे मागून कुणी घुसत नाही. सगळं झाल्यावर किती मतं पडली त्याचा हिशोब म्हणजे नमुना 17-सी भरून प्रत्येक एजंटला प्रत द्यायची. लोक म्हणतात संध्याकाळनंतर मतं वाढली कशी, तर अशी, रांगेतल्या लोकांची. पण मी म्हणतो शंका आहे ना, मग केंद्रनिहाय 17-सी त्याच रात्री सगळ्यांना बघता येईल असं टाका. आम्ही सही करून देतोच, लपवायचं काय त्यात. आणि ड्युटीवाल्यांना झोपायला धड जागा द्या.

बीड जिल्हा
आमच्याकडं नोव्हेंबर म्हणजे ऊसतोडीचा फड. विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबर 2024 ला आलं, अन् गावातल्या कितीतरी नवरा-बायकोच्या जोड्या उचल म्हणजे आगाऊ पैसे घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जायच्या तयारीत, काही गेलेल्या. माझे चुलते-चुलती दरसाल जातात. टोळी नेणाऱ्या मुकादमाची उचल घेतलेली, टोळी सोडून एक कोयता म्हणजे एक जोडी गावाकडं आली तर खाडा पडतो, भाडं वेगळं. ज्या उमेदवाराला गाडी पाठवायची ऐपत त्याच्याच गाडीत बसून यायचं, मग मत कुणाला हे सांगायला लागतं का? जानेवारी 2023 ला आयोगानं दूरस्थ मतदानाचं यंत्र पक्षांना दाखवायला बोलावलं होतं, एका केंद्रावरून 72 मतदारसंघांचं मतदान होईल असं. पक्षांनी शंका काढल्या, विषय मागं पडला. शंका असतील तर त्या मिटवा ना, पण कारखान्याच्या गावात आमच्या माणसाला मत देता आलं पाहिजे. तिथंच कोपीत त्यांची लेकरंबाळं चार-पाच महिने राहतात, लस तिथं देता येते, मग मत का नाही. मला तर हा प्रश्न बाकी सगळ्या सुधारणांच्या आधीचा वाटतो.

उपनगरातली एक
माझ्या नावापुढे यादीत दोन स्टार! म्हणजे संभाव्य दुबार मतदार. आडनाव पाटील, नवऱ्याचं नाव संजय, अशा किती जणी असतील विचार करा. केंद्रावर हमीपत्र लिहून दिलं, ओळखपत्र नीट तपासलं, मग मत दिलं. मला याचा राग नाही आला, दुबार नावं निघालीच पाहिजेत. राग याचा की माझे सासरे वारले तेव्हाच नाव काढायचा फॉर्म 7 भरलाय आणि त्यांचं नाव अजून तसंच आहे.

दुबईहून
पासपोर्ट भारताचा, परदेशातल्या भारतीयांचा फॉर्म 6-ए भरून नाव यादीत, पण मत द्यायचं तर विमानाने गावी या. सैनिकांना पोस्टल मतपत्रिका ऑनलाइन पाठवतात, सही-शिक्का करून ती टपालाने परत जाते. तीच पद्धत आम्हाला द्या. इथे बांधकामावर जी पोरं आहेत त्यांना तिकीट परवडणार आहे का?

लातूर
2019 ला आमच्या लातूर ग्रामीणला नोटा दुसऱ्या नंबरवर होता, 27,500 मतं. पहिला आला असता तरी फरक पडला नसता, खालचा उमेदवार निवडूनच आला असता. महाराष्ट्रात स्थानिक निवडणुकीसाठी राज्य निवडणूक आयोगाने 2018 लाच ठरवलंय की नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर पुन्हा निवडणूक घ्यायची. स्थानिक निवडणुकीला जे चालतं ते विधानसभेला, लोकसभेला लावा. आणि हो, प्रचाराचे ते रेकॉर्ड केलेले फोन बंद करा हो, आजारी माणूस घरात असताना सकाळपासून सारखी रिंग वाजत असते, नंबर ब्लॉक केला तर दुसऱ्या नंबरवरून येतो.